कोणत्या डोळ्यात?

१

कासिमिरा चुंगाची फाइल रेकॉर्डरूममध्ये नव्हती.

गुमेर्सिंदोने मला तो रॅक तीनदा दाखवला. तेवीस वर्षं तो त्या खोलीत बसतो आहे, आणि एखादा कागद सापडला नाही की घरातलं माणूस गेल्यासारखा चेहरा करतो. फाइलच्या जागी पुठ्ठ्याचा एक तुकडा खोचलेला होता. त्यावर लिहिलं होतं: ‘नेत्र विभाग, दोमितिला सिलुपू.’ तारीख नऊ दिवसांपूर्वीची.

“वर विचारलंस?”

“विचारलं ना, नेलिदाबाई. म्हणतात, आमच्याकडे नाही.”

बाहेर बाकावर कासिमिरा बसली होती. वय छत्तीस. जवळच्या काताकाओस गावची, चांदीच्या तारेचं काम करणारी. केसाइतकी बारीक तार पिळून ती कानातली करायची; लिमाहून बायका मुद्दाम तिच्याकडे यायच्या. आता तिचा उजवा डोळा गेला होता. डाव्यानं समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. काचबिंदू.

शेजारी सासू होती. ती सुनेकडे न बघता मला म्हणाली, “आपल्याच हातानं करून घेतलं हिनं. दुकानातून थेंब आणायचे आणि घालत बसायचं. सगळं गाव म्हणतंय.”

गाव म्हणणारच. चार दिवसांपूर्वी आमच्या इस्पितळानेच रेडिओवरून निवेदन दिलं होतं, की रुग्णाने डॉक्टरांना न विचारता बाजारातले थेंब वापरले.

“मी दुकानातून काही आणलं नाही,” कासिमिरा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं असावं की चढवायला आवाज उरला नव्हता. “मला इथं दिलं. खालच्या औषधांच्या खिडकीतून. दर महिन्याला.”

ती खिडकी माझी. त्या इस्पितळाच्या औषध विभागाची मी प्रमुख, एकतीस वर्षांपासून.

मी काही बोलणार एवढ्यात शिपाई आला. “बाई, संचालकांनी बोलावलंय. याच केसबद्दल.”

२

संचालक डॉ. आबेलार्दो विलेला मुळात हाडांचे डॉक्टर. माणूस गोड बोलणारा, भेटायला आलेल्याला स्वतः खुर्ची ओढून देणारा. दोन वर्षांपूर्वी खुर्चीवर आले आणि दारातच एक फलक लावून घेतला: ‘प्रलंबित तक्रारी: शून्य.’ गेले चौदा महिने तो आकडा बदलला नव्हता. पुढच्या वर्षी ते प्रांताच्या आरोग्य खात्यात वरच्या जागेवर जाणार, असं सगळे म्हणत होते.

त्यांच्या खोलीत हुडहुडी भरते. बाहेर अडतीस अंश असले तरी आत कोट घालून बसायचं.

“बसा, नेलिदाबाई. एक अहवाल हवाय तुमच्याकडून. डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीच्या पेशंटना आपल्याकडे काय काय लिहून दिलं जातं, चौदा महिन्यांचं. आपण योग्यच औषधं देतो हे कागदावर आलं, की त्या बाईनं बाहेरून आणलं हे आपोआप सिद्ध होतं. रेडिओवाले गप्प बसतील.”

“तिची फाइल सापडत नाही.”

“दोमितिलाला विचारा. त्या बाईचा कागदांच्या बाबतीत आनंदच आहे.”

मी उठले तेव्हा ते हसून म्हणाले, “तीन महिन्यांनी निवृत्त होताय ना? शेवट गोड होऊ दे. आणि शेवटी औषध तुमच्याच खिडकीतून जातं, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.”

बाहेर आले आणि चष्म्यावर वाफ धरली. रोजचंच ते. कोटाला चष्मा पुसत मी जिन्यापाशी उभी राहिले. पुसता पुसता माझ्या लक्षात आलं, की फाइल कोणी नेली हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

गुमेर्सिंदोने सांगितलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मी तेव्हा माझ्याच खिडकीच्या काळजीत होते.

३

औषधाची प्रत्येक चिठ्ठी आमच्याकडे दोन प्रतींत असते. वरची पेशंटच्या फाइलला लागते, खालची आमच्याकडे राहते. पाच वर्षं राहते. ही गोष्ट औषध विभागाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते, कारण आमच्या कोठीत कोणी फिरकत नाही.

मी खोकी काढली आणि सहा दिवस चिठ्ठ्या लावत बसले.

आमच्याकडे डोळ्यांची अ‍ॅलर्जी म्हणजे घरोघरची गोष्ट. अल्गारोबोच्या झाडांना मोहर आला, वाळवंटाकडून वारा सुटला की निम्मं पिउरा शहर डोळे चोळत फिरतं. त्याचा उपाय साधा, पण कंटाळवाणा असतो. गार पाण्याच्या पट्ट्या, डोळे चोळायचे नाहीत, अ‍ॅलर्जीचे साधे थेंब, ते महिना महिना घालायचे. फारच त्रास असेल तर स्टिरॉइडचे थेंब, पण चारआठ दिवस, आणि डोळ्याचा दाब मोजून. कारण त्या थेंबांनी दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, माणूस खूश होतो, आणि थेंब चालूच राहिले तर काहींच्या डोळ्यांत दाब चढायला लागतो. दुखत नाही, खुपत नाही. आतली नस मरत जाते आणि एक दिवस जिन्याची पायरी दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही.

दोनशे बारा पेशंट निघाले. एकशे पासष्टांच्या चिठ्ठ्या पुस्तकात छापाव्यात इतक्या बरोबर होत्या. उरलेल्या सत्तेचाळीस जणांना महिन्यामागून महिना स्टिरॉइड दिलं होतं. कोणाला पाच महिने, कोणाला अकरा. कासिमिराला तेरा. दाब मोजल्याची एकही नोंद नाही. सत्तेचाळीसही जणांच्या चिठ्ठ्यांवर एकच सही आणि एकच शिक्का होता: डॉ. लेओन्सियो तिमाना, नेत्रविभागप्रमुख.

आणि आमचं काय? स्टिरॉइडच्या महिन्याला पंधरा बाटल्या लागायच्या, त्या साठ लागायला लागल्या. मागणीच्या प्रत्येक कागदावर माझी सही होती. यंदा मोहर जास्त आला असेल, असं मला वाटलं होतं. एकतीस वर्षं औषधं विकत घेणाऱ्या बाईला असं वाटलं होतं! माझ्या हाताखालच्या मुली खिडकीत सही बघायच्या, शिक्का बघायच्या आणि बाटली द्यायच्या. कोणी विचारलं नाही, कारण विचारायला मी शिकवलं नव्हतं.

सहाव्या दिवशी मी तारखा लावल्या, आणि उठून दार लावून घेतलं.

तिमाना वर्षातून पाचसहा वेळा आयाबाकाच्या डोंगरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी जातात. त्यांच्या औषधांच्या पेट्या मीच भरून देते, त्यामुळे तारखा माझ्याकडे होत्या. सत्तेचाळीसांपैकी एकोणीस जणांची पहिली चिठ्ठी लिहिली गेली, त्या त्या दिवशी डॉ. तिमाना पिउरात नव्हतेच.

४

“कोणी लिहिलंय हे?” तिमाना ओरडले. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर आपटला. “मी? तेरा महिने स्टिरॉइड? दाब न मोजता? अहो, मी माझ्या शिकाऊ पोरांना यावरून वर्गाबाहेर काढलंय!”

“सही तुमची आहे.”

“सही माझी आहे.” ते थांबले. मग खुर्चीत बसले. “अक्षर माझं नाही.”

“मग को‍ऱ्या चिठ्ठीवर सही कशी आली, डॉक्टर?”

त्यांनी खिडकीकडे बघितलं. “मी डोंगरात गेलो की इथं फक्त निसामा उरते. नवी पोरगी, रोजचे साठ पेशंट. जुन्या पेशंटचं औषध खंडू नये म्हणून मी पॅड सही करून, शिक्का मारून ठेवतो.”

“पूर्ण पॅड?”

“हो.”

“शंभर पानांचं?”

“ओरडू नका, बाई.”

“मी ओरडत नाहीये. अजून ओरडायला सुरुवात केलेली नाही. कोणाकडे ठेवता?”

“दोमितिलाकडे. तिच्या कपाटात.”

डॉ. इवेत निसामाला मी जिन्यात गाठलं. दीड वर्षाची नोकरी, डोळ्यांखाली काळं. कासिमिराला सुरुवातीला तिनेच तपासलं होतं, साधे थेंब लिहून दिले होते. “चार महिन्यांनी परत बोलावलं होतं, त्याआधीची तारीखच नव्हती. त्या परत आल्याच नाहीत. मला वाटलं, बऱ्या झाल्या.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “बाई, मी सांगितलं असं सांगू नका. पण जुन्या पेशंटच्या चिठ्ठ्या दोमितिलाताईच भरतात. सगळ्यांना माहितीये.”

सही केलेलं पॅड दोमितिलाच्या कपाटात. चिठ्ठ्या दोमितिला भरणार. फाइल दोमितिलाच्या नावावर गेलेली.

इतकं सरळ होतं, की मला तिथेच थांबता आलं असतं. संचालकांनाही तेच आवडलं असतं.

५

दोमितिला सिलुपू आमच्याकडची सगळ्यात जुनी नर्स. तिला काही विचारायचं तर आधी तिचं ऐकून घ्यावं लागतं.

“या, या! मीच राहिले होते ना? डॉक्टर सही करणार, डॉक्टर डोंगरात जाणार, आणि फाशी कोणाला? दोमितिलाला!”

“चिठ्ठ्या तू भरतेस की नाही?”

“भरते! बावीस वर्षं भरते. बघायच्यात? हे घ्या.” तिने कपाटातून सही केलेलं अर्धवट पॅड काढलं आणि त्यातल्या भरून ठेवलेल्या चिठ्ठ्या माझ्यासमोर उलगडल्या. “वाचा. मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं. ‘दोन्ही डोळ्यांत, एक थेंब, दिवसातून दोनदा.’ ‘उजव्या डोळ्यात, एक थेंब, रात्री.’ ‘डाव्या डोळ्यात.’ ‘दोन्ही.’ ‘उजव्या.’

“प्रत्येकावर आहे,” मी म्हणाले.

“असणारच! या खोलीत पाऊल टाकलं की पहिल्या दिवशी शिकवतात, कोणता डोळा ते लिहिल्याशिवाय पेन उचलायचं नाही. चुकीचा डोळा कापला गेला तर? तिमाना डॉक्टर मला सोलून काढतील. त्या निसामालासुद्धा पहिल्या आठवड्यात याच्यावरून रडवलंय त्यांनी.”

मी पिशवीतून माझ्या चिठ्ठ्या काढल्या. पहिली. ‘डोळ्यांत टाकणे, चार वेळा.’ दुसरी. ‘डोळ्यांत टाकणे, चार वेळा.’ तिसरी, दहावी, चाळिसावी. कोणत्या डोळ्यात ते एकीवरही नाही. परत कधी दाखवायचं, तेही नाही.

दोमितिलाने एक चिठ्ठी नाकाशी धरून वाचली. “हे आमच्यातल्या कोणाचं नाही,” ती म्हणाली. या वेळी ओरडली नाही. “डोळ्यांच्या माणसानं लिहिलेलंच नाही हे.”

“तुझ्याकडून पॅड कोणी नेली?”

“संचालकांच्या ऑफिसातून मागायचे. तिमाना गेले की एक पॅड खाली पाठव, पेशंटची गैरसोय नको. मी पाठवायचे. मी कोण विचारणारी?”

“आणि कासिमिराची फाइल?”

“तीही त्यांनीच मागवली. फोनवर म्हणाले, तुझ्या नावावर काढ आणि आणून टेबलावर ठेव. मी ठेवली. त्याची पोच कोण देणार मला?”

टेबलावर ठेवली, हे तिचं म्हणणं. आली नाही, असं ते म्हणणार. नर्सचं तोंड आणि संचालकांचं तोंड, यांत चौकशी कोणाचं ऐकते हे मी एकतीस वर्षं बघत होते.

६

दुसऱ्या दिवशी मी काताकाओसला गेले. कासिमिराच्या कामाच्या टेबलावर चिमटे ओळीने मांडलेले होते आणि त्यांच्यावर धूळ होती. सासू आतल्या खोलीत भांडी आपटत होती.

“पहिल्यांदा ते थेंब तुला कोणी दिले, ते सांग. सावकाश सांग.”

“डॉक्टरांनी.”

“कोणत्या?”

“तिमाना. चिठ्ठीवर नाव होतं ना.”

“त्याआधी कधी बघितलं होतंस त्यांना?”

“नाही. त्याआधी वरती त्या पोरसवदा डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचे थेंब घालत होते, पण फरक पडेना. डोळ्यांतून पाणी वाहायचं, तार दिसायची नाही. चार महिन्यांनी या म्हणाले. चार महिने मी खाऊ काय? मग मी रागानं तक्रारवहीत लिहिलं.”

“काय लिहिलंस?”

“जे खरं होतं ते. की तुमच्या औषधानं गुण नाही आणि नंबरही लागत नाही.” ती जरा हसली. “आणि बाई, काय सांगू, दुसऱ्या आठवड्यात घरी फोन! रांग नाही, वरती चढायला नको, तळमजल्यावरच बोलावलं. डॉक्टरांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. म्हणाले, ‘माय, तुला त्रास झाला, मला वाईट वाटतं.’ डोळे बघितले, चिठ्ठी लिहिली. माझी तक्रार मिटली असा कागद पुढं केला, मी आनंदानं सही केली. दोन दिवसांत डोळे लख्ख! मी देवीला मेणबत्ती लावली त्यांच्या नावानं.”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“नंतर दर महिन्याला त्या खोलीबाहेरचा शिपाई पाकीट द्यायचा, आत नवी चिठ्ठी; ती खालच्या खिडकीत दाखवली की थेंब मिळायचे. ‘हेच चालू ठेव, माय.’”

“खोली कशी होती ती?”

“गार. इतकी की मी कुडकुडत होते. आणि बाहेर आले तर समोर सगळं पांढरं! मला वाटलं, गेलेच डोळे. ओरडणार होते. मग कळलं, चष्म्यावर वाफ धरलीय.” तिने रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. “किती हसले होते मी तेव्हा.”

आमच्या इस्पितळात गार खोल्या तीनच. शस्त्रक्रियेची, माझी औषधांची कोठी, आणि तिसरी. खुर्ची ओढून देणारा माणूस एकच.

मी उठले.

७

तक्रारवहीची एक प्रत प्रांताच्या आरोग्य खात्याकडे जाते. तिथून मी ती काढली आणि माझ्या यादीशेजारी ठेवली. वय, गाव, आजाराचा जोर, वार, कशातच त्या सत्तेचाळीस जणांचा मेळ बसत नव्हता. इथे बसला. सत्तेचाळीसही जणांनी तक्रार लिहिली होती. उरलेल्या एकशे पासष्टांपैकी एकानेही नाही.

ज्यांनी आमच्यासमोर मान खाली घातली, त्यांचे डोळे शाबूत राहिले. ज्यांनी तोंड उघडलं, त्यांच्या डोळ्यांत आम्ही तेरा तेरा महिने विष घातलं.

बैठक सकाळी दहाला भरली. विलेला, तिमाना, निसामा, दोमितिला, आणि आरोग्य खात्याकडून आलेल्या एक बाई. विलेलांनी सगळ्यांसाठी कॉफी मागवली होती.

“अहवाल थोडक्यात सांगा,” ते म्हणाले.

मी थोडक्यातच सांगितलं. “हे थेंब या बाईनं बाजारातून आणले नाहीत. आपण दिले. सत्तेचाळीस जणांना. सही डॉ. तिमानांची, पण एकोणीसदा ते डोंगरात होते. लिहिणाऱ्यानं एकदाही कोणता डोळा ते लिहिलेलं नाही, म्हणजे तो नेत्र विभागातला नाही. पेशंट निवडले तक्रारवहीतून, आणि ती वही एकाच ऑफिसात असते. त्यांतल्या एकतीस जणांशी मी स्वतः बोलले. कोणीही वर गेलं नव्हतं. सगळ्यांना तळमजल्यावर बोलावलं, गार खोलीत. सगळ्यांना एका डॉक्टरांनी खुर्ची ओढून दिली आणि ‘माय’ नाहीतर ‘बाबा’ म्हटलं. सगळ्यांनी तक्रार मिटल्याची सही त्याच बैठकीत केली. चिठ्ठीची आणि त्या सहीची तारीख सत्तेचाळीसही ठिकाणी एकच आहे.”

आरोग्य खात्याच्या बाईंनी वही उघडून लिहायला घेतलं.

“फाइल नसताना हे सगळं तुम्ही—” विलेला म्हणाले.

“फाइल तुम्ही नाहीशी केलीत. चिठ्ठीची दुसरी प्रत माझ्याकडे असते, हे तुम्हाला माहीत नव्हतं.”

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यावर भीती नव्हती, लाजही नव्हती. माणूस दुखावला होता.

“मी त्यांना बरं केलं!” ते एकदम म्हणाले. “तुमचा नेत्र विभाग त्यांना चार चार महिने लटकवत होता. माझ्याकडून गेल्यावर दोन दिवसांत लाली गेली. एकानं तरी परत तक्रार केली? एकानं तरी? थेंब ते थेंब, त्यात एवढं काय आकाश कोसळलं? एकीला काचबिंदू झाला, तो तिला झालाच असता!”

तिमाना उठले. मला वाटलं, मारतात की काय. “हाडं जोडणाऱ्या माणसा,” ते म्हणाले, “मला विचारायचंस! एकदा वर येऊन विचारायचंस!”

“आणि तुम्ही सह्या का करून ठेवल्यात?” निसामा म्हणाली. इतका वेळ ती बोललीच नव्हती. “माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून? मी लिहिलं असतं ना रोज. रात्रभर बसून लिहिलं असतं.”

तिमाना खाली बसले.

विलेला माझ्याकडे वळले. आवाज पुन्हा गोड झाला होता. “नेलिदाबाई, या सगळ्या बाटल्या कोणी दिल्या? मागणीवर सही कोणाची? हा अहवाल गेला तर पहिल्यांदा कोण बुडणार, विचार केलात?”

म्हणूनच त्यांनी मला निवडलं होतं. जिची मान आधीच अडकलेली आहे, ती दोरी ओढणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मी अहवालाचं पहिलं पान उलटून आरोग्य खात्याच्या बाईंपुढे ठेवलं. ‘दोषी’ या शब्दाखाली पहिलं नाव होतं: नेलिदा यार्लेके, औषध विभाग. दुसरं तिमानांचं. तिसरं विलेलांचं.

“मी बुडाले आहेच,” मी म्हणाले. “आता तुम्ही या.”

८

विलेलांना त्याच आठवड्यात कामावरून काढून घरी बसवलं, आणि फौजदारी खटला उभा राहिला. तिमानांच्या परवान्याची चौकशी अजून चालू आहे. माझ्यावर ठपका ठेवून मला मुदतीआधी घरी पाठवलं. ठेवायलाच हवा होता. दोमितिलावर कसलाच आरोप आला नाही, तरी ती महिनाभर सगळ्यांशी भांडत होती.

निसामाने उरलेल्या सेहेचाळीस जणांना बोलावून तीन दिवसांत सगळ्यांचे दाब मोजले. नऊ जणांचे चढलेले निघाले. त्यांतल्या पाच जणांचं वेळेवर कळलं. चौघांची काही नजर गेली ती गेलीच. त्या चौघांतली, भिंत चाचपत चालणारी एक म्हातारी निसामाला म्हणाली, “पोरी, तो डॉक्टर किती चांगला होता गं.” निसामाने हे मला फोनवर सांगितलं.

रेडिओवर इस्पितळाने खुलासा दिला. दुपारी तीन वाजता, गाण्यांच्या मध्ये, वीस सेकंद. कोणी ऐकला नाही.

मी काताकाओसला गेले. अहवालाची प्रत घेऊन गेले होते. कासिमिराने ती हातात घेतली आणि तशीच टेबलावर ठेवली.

“मला वाचता येणार नाही, बाई. अक्षरं बारीक आहेत.”

“मी वाचून दाखवते.”

“माझा डोळा येईल?”

“नाही.”

“दुसरा?”

“आहे तेवढा राहील. थेंब वेळेवर घातलेस तर. डॉ. निसामा स्वतः बघणार आहे तुला, पैसे न घेता.”

“पैसे न घेता!” ती म्हणाली. त्या दोन शब्दांत जो राग होता, तसा मी जन्मात ऐकला नव्हता. “रेडिओवर सांगितल्यापासून हे गाव मला काय म्हणतंय माहितीये? पाव आणायला गेले तर पाववाली म्हणते, कशाला गं दुकानातलं काहीबाही डोळ्यांत घातलंस. माझी मुलगी शाळेत भांडून येते. आणि तुम्ही हा कागद मला देताय? मला माहीतच आहे मी काय केलं आणि काय नाही. यांना सांगा!”

तिने दाराकडे हात केला.

भर दुपार होती. रस्ता पांढरा तापलेला. समोरच्या सावलीत चारपाच बायका गवताच्या टोप्या विणत बसल्या होत्या, कोपऱ्यावर तीनचाकी लावून मोटोटॅक्सीवाले पत्ते खेळत होते. मी उंबऱ्याबाहेर गेले. एकोणसाठ वर्षांची बाई मी. रस्त्यात उभं राहून कधी आवाज केला नव्हता.

“ऐका,” मी म्हणाले. “मी इस्पितळातली औषधवाली. या बाईनं दुकानातून काही आणलं नाही. थेंब आम्ही दिले. माझ्या खिडकीतून दिले, तेरा महिने. तिचा डोळा आम्ही घालवला.”

टोप्या विणणाऱ्यांचे हात थांबले. सासू मागे दारात येऊन उभी होती. तिने एप्रनचं टोक तोंडावर धरलं होतं.

कासिमिरा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने मान उजवीकडे, मग डावीकडे पूर्ण वळवली, रस्त्याचं एक टोक, मग दुसरं. आता तिला असंच बघावं लागत होतं.

“मोटोटॅक्सीवाल्यांना ऐकू गेलं नाही,” ती म्हणाली. “अजून मोठ्यानं सांगा.”

मी श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.